उजव्या पायाची चार बोटं

सिगारेट सोडायची इच्छा झालेली माणसं हल्ली मला चाळीच्या गॅलरीत गाठतात. इकडची तिकडची दोन वाक्यं होतात आणि मग मुद्दा येतो, “सुहासभाऊ, खरं सांग, एकदम सोडू की हळूहळू? गोळ्याबिळ्या घेऊ की नको?” मी आधी चप्पल काढून उजवा पाय पुढे करतो. त्याला चार बोटं आहेत. पाचवं का नाही हे सांगितल्याशिवाय मला त्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, आणि ते उभ्या उभ्या सांगून संपत नाही. म्हणून एकदाचं लिहून काढतोय. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. माझ्या पायाचं आणि माझ्या घरचं जे ठाऊक आहे तेवढं लिहितो. काही ठिकाणी मी चांगलाच मूर्ख दिसेन, ते तसंच ठेवलंय.

बॅनर वाचणारा माणूस

मी सुहास परब, वय चव्वेचाळीस, राहणार काळाचौकी. कबड्डीने मला बँकेत नोकरी दिली. चढाईला मी बरा होतो, असं मी नाही, समोरचे म्हणायचे. गुडघे कुरकुरायला लागल्यावर खेळणं सोडलं आणि गळ्यात शिट्टी अडकवून पंच झालो. सिगारेट अठराव्या वर्षी एका जिंकलेल्या सामन्यानंतर लागली ती लागलीच. जिंकलो की एक ओढायची, हरलो की दोन. पंच झाल्यावर हरण्या-जिंकण्याचा प्रश्न मिटला, तरी दिवसाला दीड पाकीट चालूच राहिलं.

दोन वर्षांपूर्वी चालताना उजव्या तळव्यात गोळा यायला लागला. शंभर-दीडशे पावलं झाली की पाय म्हणायचा, थांब. दोन मिनिटं थांबलं की उतरायचं आणि पुन्हा शंभर पावलांनी तेच. रस्त्यात उगाच उभ्या राहिलेल्या माणसाला आमच्याकडे दहा जण विचारतात, म्हणून मी वाढदिवसाचे बॅनर वाचत उभा राहायचो. चिंचपोकळीच्या पुलापासून आमच्या चाळीपर्यंत कुठल्या दादांचा आणि कुठल्या भाऊंचा वाढदिवस कधी असतो, ते मला तोंडपाठ झालं होतं. जुनी दुखापत असेल म्हणून तेल चोळलं, बाम लावला. माझी बायको नीलम गरम पाण्याची पिशवी देऊन देऊन थकली.

मग एकदा नखं कापताना अंगठ्याशेजारच्या बोटाला जरासं कापलं. एवढीशी जखम, पण महिना झाला तरी भरेना. बोट आधी जांभळं पडलं, मग काळपट दिसायला लागलं. मी मोजे घालून फिरत होतो आणि घरात कोणाला दाखवत नव्हतो.

दाखवलं नाही, पण पकडलं गेलं. मिलिंद कांबळे हा माझा जुना सोबती. आमच्या संघात डावा कोपरा तो सांभाळायचा. आता परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तो ब्रदर आहे. एका रविवारी सामना संपल्यावर मी मोजा काढून बसलो होतो, तेवढ्यात तो समोर आला.

“काय रे हे?”

“काय नाय. नख लागलं.”

“कधी?”

“झाला असेल महिना.”

मिलिंद मातीतच खाली बसला, माझं पाऊल मांडीवर घेतलं आणि घोट्यापाशी बोटं दाबून बराच वेळ काहीतरी शोधत राहिला. मग म्हणाला, “उद्या आठ वाजता केसपेपर काढायचा. मी गेटवर उभा राहतो. नाटकं नकोत.” मिलिंदचा हा आवाज मला ठाऊक आहे, त्यामुळे मी नाटकं केली नाहीत.

उजव्या पायात काही ऐकू येईना

डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील. त्यांच्याकडे पेनासारखं एक यंत्र होतं. पायाला गार जेली लावून ते टेकवलं की आतलं रक्त वाहताना ऐकू येतं. डाव्या पायाला लावलं तर खोलीभर धप धप आवाज आला. मला गंमत वाटली. मग उजव्या पायाला लावलं. मॅडमनी यंत्र इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं, पुन्हा जेली लावली. नुसती खरखर येत होती. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नीलमने माझ्या शर्टाची बाही धरली ती सोडलीच नाही.

“किती ओढता?” मॅडमनी विचारलं.

“पाच-सहा.”

“दीड पाकीट,” नीलम म्हणाली.

मॅडमनी दीड पाकीट लिहिलं. मग खुर्ची माझ्या जवळ ओढून त्या सरळ बोलल्या. तंबाखूमुळे पायातल्या रक्ताच्या वाटा बुजत चालल्यात. हा आजार तंबाखूवर जगतो. तंबाखू बंद झाली तर पाय राहील, चालू राहिली तर आधी बोट जाईल, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. औषधं देते, ड्रेसिंग करू, पण सोडायचं काम तुमचं आहे, ते मी करू शकत नाही.

पुढचं लिहायला लाज वाटते. मी बाहेर आलो, नीलमला औषधांच्या रांगेत उभी केली आणि गेटबाहेरच्या टपरीवर जाऊन सिगारेट पेटवली. पाय कापायचा म्हणतात, या विचाराने मी घाबरलो होतो आणि घाबरलो की काय करायचं, हे मला एकच ठाऊक होतं. नीलम औषधं घेऊन आली तेव्हा तिने ते पाहिलं. टॅक्सीत बसल्यावर ती तोंड खिडकीकडे करून रडली.

ज्याला त्याला माहिती होती

आमच्या चाळीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली. बँकेतले एक साहेब म्हणाले, रोज एक कमी कर, महिन्याभरात शून्यावर येशील. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, च्युइंगम आहे, पट्टी आहे, सांगशील ते मागवतो. आणि वरच्या मजल्यावरचे बाबीकाका तर माझ्या कॉटवर येऊन बसले.

“एकदम सोडू नको रे बाबा,” ते म्हणाले. “बॉडीला शॉक बसतो. आमच्या खात्यातला तो शिरोडकर, एका दिवसात सोडली आणि तीन महिन्यांत गेला.”

शिरोडकरने सिगारेट सोडली तेव्हा त्याला आधीच दुखणं जडलेलं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते, हे नंतर कळलं. त्या वेळी मात्र शिरोडकर माझ्या डोक्यात घर करून बसला. सोडली नाही तर पाय जातो आणि एकदम सोडली तर माणूस जातो, मग करायचं काय?

हळूहळू कमी करण्याकडे माझा कल होता, कारण त्यात आज ओढायला मिळत होती. पण मी स्वतःला ओळखून आहे. याआधी तीनदा सोडली होती. तिन्ही वेळा “फक्त जेवणानंतरची” असं म्हणून सुरुवात केली आणि मग दिवसात सहा जेवणं व्हायला लागली. च्युइंगमही बरं वाटत होतं. पुढच्या ड्रेसिंगला गेलो तेव्हा मॅडमना सगळं विचारलं, शिरोडकरसकट.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “एकदम सोडून कोणी मरत नाही. चिडचिड होते, झोप उडते, पोट बिघडतं, काही दिवसांनी जातं. आणि च्युइंगम, पट्टी यांत कमीपणा काहीच नाही, इतर पेशंटना मी स्वतः लिहून देते. पण तुमच्या या आजारात निकोटीन कुठल्याच वाटेने आत जायला नको. कुठल्याच. त्यामुळे थोडी थोडी कमी करायलाही तुमच्याकडे वेळ नाही. निकोटीन नसलेली एक गोळी आहे, ती देऊ शकते. आमच्याकडे समुपदेशक आहेत, त्यांच्याशी आठवड्यातून एकदा बोला.”

इथे माझ्यातला चढाईवाला जागा झाला. चढाईला माणूस एकटाच जातो. गोळी नको, समुपदेशक नको, मी काय येडा आहे का कोणाशी बोलायला? सोमवारपासून बंद म्हणजे बंद. घरी येऊन हे जाहीर केलं तेव्हा नीलम भाजी चिरत होती. ती म्हणाली, “गोळी घे ना रे. एकट्याने नाय होणार तुझ्याच्याने.” मी भडकलो. तू मला ओळखलंसच नाहीस वगैरे बोललो. खरं तर तिने मला बरोबर ओळखलं होतं. मला त्या सोमवारची इतकी भीती वाटत होती की रविवारी मी दोन पाकिटं संपवली.

शाल आणि श्रीफळ

पहिले चार दिवस मी माणसात नव्हतो. हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. चहा समोर आला की सिगारेट आठवायची, म्हणून चहा बंद केला, तर डोकं फुटायची वेळ आली. बँकेत एका म्हाताऱ्या गृहस्थांवर खेकसलो. बुधवारच्या सामन्यात दोन खेळाडूंना इतक्या क्षुल्लक कारणावरून बाहेर काढलं की दोन्ही संघांनी मिळून माझी तक्रार केली. पण ओढली नाही. एकही नाही, झुरकासुद्धा नाही. शिरोडकरची आठवण यायची तेव्हा छातीवर हात ठेवून ठोके मोजायचो, ते व्यवस्थित पडत होते.

फक्त पोट साफ होईना. ज्यांनी वर्षानुवर्षं सकाळी सिगारेट पेटवूनच टमरेल उचललंय त्यांना हे दुःख कळेल. पाचव्या दिवशी आई माझ्या तोंडाकडे बघूनच समजली. आई सत्तरीची. मालवणहून लग्न होऊन या खोलीत आली, गिरणीचे भोंगे, संप, सगळं तिने इथूनच पाहिलं, पण बोली तिने बदलली नाही.

“पाच दिवस पोट साफ नाय म्हंजे काय खेळ आसा?” ती म्हणाली आणि कनवटीची डबी काढून माझ्यापुढे धरली. “वायच मिश्री लाव. माझा बग, पन्नास वर्सा झाली, घड्याळ चुकात पण माझा पोट चुकाचा नाय.”

मी बोटावर काळी पूड घेतली, गॅलरीत उभा राहून दातांना चोळली आणि दहा मिनिटांत मोकळा झालो. डोकंही हलकं झालं. आईचं औषध ते आईचं औषध, असं म्हणालो. मग रोज सकाळी लावायला लागलो. मग संध्याकाळी बँकेतून आल्यावर, आणि पुढे पुढे जेवल्यावर, झोपण्याआधी. दात पांढरे होतात म्हणे. सिगारेटची तलफ हळूहळू कमी होत गेली आणि मला वाटलं, आपलं मनगटच पोलादी.

तीन आठवडे झाले तेव्हा आमच्या कबड्डी मंडळाची सत्यनारायणाची पूजा होती. मंडळाने माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल, फोटो. मी माइक हातात घेतला आणि भाषण ठोकलं, “गोळी नाही, पट्टी नाही, कोणाची मदत नाही. एकदम सोडली. मनगटात जोर पाहिजे, बस.” टाळ्या पडल्या. बाबीकाकासुद्धा टाळ्या वाजवत होते. नीलमने पहिल्या रांगेतून फोनवर व्हिडिओ काढला. तो व्हिडिओ तिने अजून ठेवलाय आणि मी घरात फार शहाणपणा केला की लावते.

खोटारडा

पायाला मात्र सत्काराचं कौतुक नव्हतं. जखम भरायचं नाव घेईना. काळपटपणा बोटाच्या मुळाकडे सरकला आणि अंगठ्याच्या टोकाशीही निळसर झाक आली. ड्रेसिंगच्या वेळी मॅडमनी तीच जेली, तेच पेन काढलं आणि पुन्हा तीच खरखर ऐकली. त्यांनी यंत्र पुसून बाजूला ठेवलं.

“खरं सांगा. एखादी चालू आहे का?”

“एकही नाही.”

“मी ओरडणार नाही. फक्त खरं सांगा.”

“मॅडम, माझा सत्कार झालाय,” मी म्हणालो. आठवलं की आज कानशिलं गरम होतात.

त्यांनी लघवीची एक तपासणी लिहून दिली. तंबाखू शरीरात जात असेल तर त्यात दिसते. रिपोर्ट आला आणि त्यात तंबाखू दिसली, थोडीथोडकी नाही, भरपूर. मॅडम म्हणाल्या, बोट आता वाचणार नाही, पुढच्या आठवड्यात काढावं लागेल. अंगठा आणि पाऊल वाचवायचं असेल तर हे थांबायलाच हवं.

त्या आठवड्याइतकं वाईट आमच्या घरात कधी काही झालं नव्हतं. नीलमने माझे शर्ट हुंगले, बॅग उपसली, बँकेत फोन करून विचारलं. मी शपथा घेत होतो. आईची घेतली, गणपतीची घेतली. ती शेवटी म्हणाली, “पाय तुझा आहे, काप नायतर ठेव. पण माझ्याशी खोटं बोललास ते मी नाय विसरणार.” आणि माहेरी वरळी कोळीवाड्याला निघून गेली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, ती रागावून माहेरी गेल्याचं मला आठवत नाही. मी चोर नसताना चोर ठरलो होतो आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे कागद माझ्या विरोधात बोलत होता. लॅबने बाटल्यांची अदलाबदल केली असणार, असं मी ठरवून टाकलं.

मिलिंदने विचारलेला एक प्रश्न

रविवारी सकाळी मिलिंद आला. नीलमनेच त्याला फोन केला होता. मी गॅलरीत उभा होतो आणि तोंडात बोट घालून मिश्री चोळत होतो. त्याला बघितल्याबरोबर मी तोंडातलं थुंकून सुरू झालो, लॅबवाले असे, रिपोर्ट तसा, पुन्हा टेस्ट करा, दुसरीकडे करा.

मिलिंद माझ्या हाताकडे बघत होता. “सुहास, बोटाला काय आहे?”

“मिश्री.”

“कधीपासून?”

“सोडल्यापासून. पोट साफ होत नव्हतं म्हणून आईने...”

“आणि मिश्री कशाची करतात?”

मिश्री कशाची करतात हे मला लहानपणापासून माहीत होतं. आई दर पंधरा दिवसांनी तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजते, आम्ही सगळे ठसकतो, खिडक्या उघडतो, मग ती पाट्यावर वाटते. शेकडो वेळा बघितलेलं. पण माझ्या डोक्यात तंबाखू म्हणजे ओढायची किंवा मळून दाढेखाली धरायची वस्तू. मिश्री म्हणजे दात घासायचं. मॅडम “कुठल्याच वाटेने” म्हणाल्या तेव्हा मी मनात सगळ्या वाटा मोजल्या होत्या, विडी, गुटखा, हुक्कासुद्धा. ही वाट रोज माझ्या घरातून जात होती म्हणून मला ती वाट वाटलीच नाही, आणि नीलमलाही नाही.

मिलिंद शिव्या देईल असं वाटलं. त्याने दिल्या नाहीत. म्हणाला, “आमच्या आजीचं पण असंच. डॉक्टरने तंबाखू खाता का विचारलं की ठामपणे नाय म्हणायची.” आणि मग त्याला हसू फुटलं. मलाही फुटलं. दोघं कठड्याला धरून हसत होतो, माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसण्याचंच होतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“म्हंजे मीच माझ्या हातान तुका इख चारलंय?”

“आई, तसं नाय...”

ती ऐकायला थांबलीच नाही. कनवटीची डबी घेतली, फळीवरचा मोठा डबा उतरवला आणि पदर खोचून मजल्याच्या टोकाला संडासाकडे निघाली. पाण्याचा आवाज ऐकू आला. रिकामा डबा घेऊन परत आली, तो कचऱ्याच्या बादलीत टाकला आणि मिलिंदला म्हणाली, “बस रे, चाय ठेवतंय.” पन्नास वर्षांचं व्यसन होतं ते. तिने ना कोणाला विचारलं, ना सोमवारची वाट पाहिली. मी मात्र अर्धा तास तोंड धुवायचं सोडून तिच्याकडे बघत बसलो होतो.

मिलिंदने खाली जाऊन नीलमला फोन केला. ती दुपारी परत आली, येताना पिशवीभर बोंबील घेऊन. माझ्याशी बोलली नाही, पण बोंबील माझ्या आवडीचे होते.

वॉर्डातले दिवस

पुढच्या आठवड्यात माझं बोट काढलं. कमरेखालचं बधिर केलं होतं, त्यामुळे मी जागा होतो आणि वर दिव्याकडे बघत होतो. भीती वाटली का? वाटली, भरपूर वाटली. पण त्याहून जास्त राग आला होता, स्वतःचा. त्या पहिल्या सोमवारी मी खरोखर सोडली असती तर कदाचित ते बोट आज असतं. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. त्यांनी मला बरं वाटावं म्हणून तसं सांगितलं असेल.

वॉर्डात सकाळी सहाला झाडू फिरायचा, मग चहा, मग राउंड, मग ड्रेसिंग. ड्रेसिंगला ओरडायचं नाही असं मी रोज ठरवायचो आणि रोज ओरडायचो. सिस्टरनी शेवटी सांगितलं, “परब, तुम्ही कबड्डी कबड्डी म्हणत राहा.” मी म्हणत राहिलो आणि खरोखर बरं वाटलं. शेजारच्या कॉटवरचे आजोबाही मग माझ्याबरोबर म्हणायला लागले. वॉर्डातल्या मावशी माझा चहा सगळ्यांत आधी आणायच्या, कारण उशीर झाला तर मी किती वचवच करतो हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. आता हट्ट सोडून समुपदेशकांनाही भेटलो. ते पंचवीस वर्षांचे असतील. त्यांनी मला एकच काम लावलं, तलफ आली की कोणालातरी फोन करायचा, एकट्याने झुंजायचं नाही. मी मिलिंदला करायचो. तो एक मजला खालीच ड्युटीवर असायचा.

पण मला खरी लाज वाटायची ती आई डबा घेऊन आली की. मिश्री सोडून तिला माझ्याहून जास्त त्रास होत होता. रात्र रात्र झोप नाही, पोट बिघडलेलं. नीलम सांगायची, आज सासूबाईंनी दुधवाल्याला इतकं झापलं की तो दूध न घालताच पळाला. तोंडात बडीशेप आणि लवंग धरून धरून त्यांची जीभ सोलवटली. सत्तरीच्या बाईला कशाला हा जाच, असं मला वाटलं. एकदा मी म्हणालोही, “आई, तू लाव गं. तुझा पाय चांगला आहे. मी बघणार नाही तिकडे.”

तिने डब्याचं झाकण आपटलं. “तुझा एक बोट गेला. आता ह्येच्या फुडे मी काय जाऊक देवचंय नाय. गपचिप जेव.” जेवणात कुळथाची पिठी होती. मी मान खाली घालून जेवलो आणि रडलो. आई पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत होती, म्हणजे तिने पाहिलं होतं.

आता उत्तर

घरी आल्यावर मी पहिल्यांदा मंडळात गेलो आणि माझ्या भाषणातलं मनगट परत घेतलं. माझ्या मिश्रीची गोष्ट सगळ्यांना सांगितली. लोक पोट धरून हसले, हसू देत. पण त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या तीन बायका आईकडे येऊन हळूच विचारून गेल्या, मिश्री सोडल्यावर पोटाचं काय करायचं. आईने त्यांना भिजवलेल्या मनुका आणि गरम पाणी सांगितलं, शिवाय भरपूर ऐकवलं.

तर, एकदम सोडावी का? माझ्या आजाराला दुसरी वाट नव्हती म्हणून मी एकदम सोडली, आणि एकदम सोडता येते, माणूस मरत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तुमचा आजार माझा नसेल तर डॉक्टर देतील ती गोळी, पट्टी, च्युइंगम बिनधास्त घ्या, त्यात मर्दानगी बुडत नाही. पण आधी घरात बसून तंबाखू कुठून कुठून आत येते ते बघा. फळीवरचे डबेसुद्धा बघा. आणि एकट्याने चढाईला जाऊ नका, मी गेलो होतो.

सहा महिन्यांनी मॅडमनी शेवटच्या ड्रेसिंगला बोलावलं. आईने या वेळी मी पण येणार म्हणून हट्ट धरला. मॅडमबरोबर चार-पाच शिकाऊ डॉक्टर होते. जखम पूर्ण भरली होती, अंगठा गुलाबी होता. मॅडमनी जेली लावली, पेन टेकवलं आणि उजव्या पायातून आवाज आला. डाव्याइतका मोठा नव्हता, पण धप धप होता, माझा होता. मी ओरडलोच. मॅडमनी यंत्र काढलं तर म्हटलं, अजून थोडा वेळ लावा. त्यांनी लावला.

मग त्या शिकाऊ डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, “हे लक्षात ठेवा. यांनी एकदम सोडली. गोळी नाही, पट्टी नाही, समुपदेशक सोडले तर कोणाची मदत नाही.”

“खोटा आसा तां,” कोपऱ्यातल्या स्टुलावरून आवाज आला.

सगळे वळले. मी म्हटलं, “आई, गप्प बस.”

“कित्याक गप्प बसू? कोणाची मदत नाय? मगे मी काय थंय घावने घालूक बसलेलंय?” ती उठून उभी राहिली. “डॉक्टरबाय, मी पन्नास वर्सा मिश्री लावी होतंय. सोडलंय. ह्येच्याच दिवशी, ह्येच्या अर्धो तास आदी. माका कोणी शाल दिल्यान नाय.”

मॅडमनी मला विचारलं, “खरं आहे?”

“हो मॅडम,” मी म्हणालो. “तिने सोडली म्हणून माझी सुटली. नाहीतर मी पुन्हा ओढली असती, मला माहीत आहे.” हे मी आईसमोर तोवर कधीच बोललो नव्हतो.

मॅडमनी नवा केसपेपर पुढे ओढला आणि वर आईचं नाव विचारलं. आईने नाव सांगितलं, वय सांगितलं, नाडी बघायला हात पुढे केला. रक्तदाब बघून झाला, छाती तपासून झाली. सगळं ठीक आहे म्हटल्यावर तिने पदर सारखा केला, आपली पिशवी उचलली आणि दाराकडे निघाली.

“चल रे बेगीन,” ती म्हणाली, “बाजार उठात.”